वादळवाली वैशाली

उल्हास वादळ ही कबड्डीची टीम तीन हंगाम टिकली. ती का बुडाली असं डोंबिवलीत कुणाला विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. एक म्हणजे मालकाकडचा पैसा आटला. दुसरं, कोपरच्या वैशाली शेजवळने ती बुडवली. त्या दिवशी मी वैशालीच्या शेजारच्या खुर्चीवर होते, म्हणून काय झालं ते सांगते.

मी नीला करंदीकर. डोंबिवली पूर्वेला राहते, शाळेत इतिहास शिकवायचे, आता निवृत्त आहे. वैशालीचा नवरा रत्नदीप आमच्या शाळेच्या मुलांना व्हॅनमधून आणायचा, तिथली ओळख. वैशाली मानपाड्याला एमआयडीसीत शर्ट शिवण्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. पन्नाशीला आलेली, अंगाने बारीक, पण आवाज असा की मशीन चालू असतानाही शेवटच्या टेबलावर ऐकू जावा. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली. घरात ती, रत्नदीप आणि रत्नदीपचे वडील शिवरामबाबा.

कबड्डीचं वेड आधी वैशालीचं नव्हतं. ते बाबांचं. तरुणपणी ते एका केमिकल कंपनीच्या टीममधून खेळायचे. मातीत खेळायचे, तेव्हा मॅट नव्हती. त्यांच्या डाव्या गुडघ्याला अजून त्याची खूण आहे. बायको केशरबाई गेल्यावर त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. सकाळी उठायचे, अंघोळ करायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. विहारात जायचे, तेही बंद केलं. डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या झाल्या. फरक पडेना.

त्याच वर्षी सह्याद्री लीग सुरू झाली. ठाणे, कल्याण, डोंबिवली या सगळ्या पट्ट्याची मिळून एक टीम निघाली, तिचं नाव उल्हास वादळ. तिचे सामने ठाण्यातल्या एका बंदिस्त हॉलमध्ये व्हायचे. वैशालीने तिकिटं आणली आणि सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, मला बघायची आहे मॅच. एकटी कशी जाऊ? ह्यांना कबड्डीतलं ओ की ठो कळत नाही."

रत्नदीप स्वतः शाळेच्या टीममध्ये होता. पण त्याने मान डोलावली.

"तुला तरी काय कळतं?" बाबा म्हणाले.

"म्हणून तर तुम्ही पाहिजे ना."

बाबा निघाले. व्हॅनमध्ये जागा रिकामी होती म्हणून रत्नदीपने मलाही बोलावलं. मला वाटलं होतं तासाभराची करमणूक होईल. पण बाबा खुर्चीच्या अगदी कडेला सरकून बसले आणि पहिल्या चढाईपासून बोलायला लागले. हा बघ, हा पाय आधी टाकतो, आता फसणार. तो कोपऱ्यातला बघ, तो हलत नाहीये, तोच धरणार. आणि तसंच व्हायचं. वैशाली प्रत्येक गोष्ट विचारत होती, बाबा सांगत होते. परत येताना शीळ फाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो, तरी बाबांचं बोलणं संपलं नव्हतं. मागच्या सीटवर वैशाली डोळे पुसत होती ते मी पाहिलं. 

तेव्हापासून एकही घरचा सामना आम्ही चुकवला नाही.

टीमचा मालक केदार आठल्ये. ठाण्यात बाळकुमला त्याच्या मोठ्या इमारती उभ्या राहत होत्या. चाळिशीचा, गोरा, नेहमी पांढरा शर्ट. त्याच्याबद्दल पुढे पुष्कळ वाईट बोललं गेलं, पण पहिल्या दोन वर्षांत तो आम्हाला आवडायचा, हे सांगितलं पाहिजे. हॉलच्या दाराशी स्वतः उभा राहून नमस्कार करायचा. शिवरामबाबा जुने खेळाडू आहेत हे त्याला कुणीतरी सांगितलं, तेव्हा त्याने त्यांचा हात धरून पहिल्या रांगेत नेलं. "बाबा, तुम्ही खेळाडू. तुमची जागा इथे." त्यानंतर त्या चार खुर्च्या आमच्याच झाल्या. कुणी लिहून दिल्या नव्हत्या, पण दुसरं कुणी बसत नसे.

दुसऱ्या हंगामात हॉल भरायचा. सम्यक नावाचा उल्हासनगरचा एक चढाईपटू होता, हवेत उडी मारून समोरच्यांच्या डोक्यावरून परत यायचा. प्रफुल्ल कप्तान होता, तो पकडीचा माणूस, बुटका आणि रुंद. लोक घरून ताटल्या आणायचे, चमच्यांनी बडवायचे. सगळ्यांचा ताल वैशाली धरायची. ती उठून उभी राहिली, हात वर केला, की ताटल्या थांबायच्या. हात खाली आला की अख्खा हॉल "वादळ" म्हणायचा. टीव्हीवाल्यांनी तिला दोनदा दाखवलं. कारखान्यात तिला वादळवाली म्हणायला लागले. तिलाही ते आवडायचं. टीम उपांत्य फेरीत हरली, पण आम्हाला वाटलं, पुढच्या वर्षी नक्की.

पुढच्या वर्षी सगळं हळूहळू बिघडत गेलं. आधी हॉलमधला खाण्याचा स्टॉल बंद झाला. मग खेळाडूंच्या अंगावर जुन्याच जर्सी दिसल्या, मागच्या जाहिरातदाराच्या नावावर कापडाची पट्टी शिवलेली. ती पट्टी वैशालीच्या लगेच लक्षात आली. "काय शिलाई आहे ही," ती म्हणाली, "एका धुण्यात निघेल." खेळाडूंना आधी हॉटेलात ठेवायचे, आता त्यांना बाळकुमच्या अर्धवट इमारतीतल्या न विकलेल्या फ्लॅटमध्ये ठेवलं होतं. लिफ्ट सुरू झालेली नव्हती. प्रफुल्लने एकदा सामना संपल्यावर बाबांना सांगितलं, सरावाने जेवढा गुडघा दुखत नाही तेवढा जिन्याने दुखतो. तो हसून सांगत होता, पण बाबा हसले नाहीत.

तिकीट मात्र वाढलं. आणि हंगामाच्या मध्यावर सम्यक गेला. सकाळी मोबाईलवर बातमी आली की त्याला दुसऱ्या टीमला दिलं. तो पुढचा सामना आमच्याविरुद्धच खेळला. त्याच उड्या, त्याच चढाया, फक्त रंग वेगळा. तो आमच्या खुर्च्यांसमोरून गेला तेव्हा त्याने मान खाली घातली.

त्यानंतर गर्दी ओसरली. हॉलच्या वरच्या रांगा पूर्ण रिकाम्या दिसायला लागल्या. आमचा प्रेक्षकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्यावर रोज मालकाला शिव्या. कुणी म्हणे त्याने टीमच्या नावावर कर्ज उचललंय, कुणी म्हणे फ्लॅटवाल्यांचे पैसे इकडे लावलेत. खरं काय ते कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी ठरलं की सामन्यांवर बहिष्कार टाकायचा.

ते ऐकल्यावर बाबा म्हणाले, "घरात मुलगा नापास झाला तर त्याला जेवायला वाढत नाही का?"

"बाबा, मुलगा नापास नाही झाला. बापाने फी भरली नाही," वैशाली म्हणाली.

"मग बापाशी भांडा. पोरांनी काय केलंय?"

वैशालीला ते पटलं. तिने ग्रुपवर लिहिलं की आधी मालकाला भेटू. तिने फोन करकरून वेळ मिळवली. भेटायला म्हणून पुष्कळ जण तयार होते, प्रत्यक्षात आलो आम्ही दोघीच.

बाळकुमला त्याचं विक्रीचं ऑफिस होतं. मध्यभागी काचेच्या पेटीत सगळ्या इमारतींचा नमुना, छोटी झाडं, छोटा पोहण्याचा तलाव. बाहेर खऱ्या इमारती उभ्या होत्या, त्यांच्यावर हिरवी जाळी, आणि कामाचा फारसा आवाज नव्हता. आठल्येने आम्हाला बसवलं, चहा मागवला.

"चहा राहू द्या सर," वैशाली म्हणाली. "सम्यकला का विकलं तेवढं सांगा."

"विकलं नाही. ट्रान्सफर केला."

"आम्ही त्याला विकलं म्हणतो."

तो थोडा वेळ पेटीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "खरं सांगू का? हॉल भरत नाही. हॉल रिकामा दिसला की जाहिरातवाले मागे सरतात. तुमच्यासारखी अजून थोडी माणसं आली असती, तर मी त्याला कशाला जाऊ दिलं असतं?"

"म्हणजे आमच्यामुळे?"

"तसं नाही म्हणत मी."

"सर, तुम्ही चांगला खेळाडू काढलात म्हणून लोक येईनासे झाले. आणि तुम्ही म्हणता लोक येत नाहीत म्हणून खेळाडू काढला. यातलं आधी काय झालं?"

"ताई," तो शांतपणे म्हणाला, "माझ्या तीन इमारती अडकल्यात. फ्लॅट जात नाहीत. बँक रोज फोन करते. मला टीम आज बंद करता येईल, कुणी अडवणार नाही. माझ्या वडिलांचं मत तेच आहे. करू का बंद? तुम्ही सांगा."

वैशालीने पर्स खांद्याला लावली.  आम्ही उठलो. तो दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "बाबा बरे आहेत ना? त्यांना माझा नमस्कार सांगा."

रिक्षात बसल्यावर वैशाली म्हणाली, "चांगला माणूस आहे की वाईट, तेच कळेना. वाईट असता तर बरं झालं असतं."

ग्रुपवर तिने जे झालं ते तसंच लिहिलं. लोक म्हणाले, चहा पाजून गुंडाळलं तुम्हाला. निम्म्या लोकांनी यायचं सोडलं. आम्ही जात राहिलो.

पुढच्या घरच्या सामन्याला पोचलो तर हॉलबाहेर दोन बस उभ्या. आत शिरलो तर वरच्या रांगा भरलेल्या. सगळ्यांच्या अंगावर नवे कोरे पोपटी टी-शर्ट, टीमचा रंग. वैशाली खूश झाली. "बघा बाबा, आली माणसं."

बाबांनी डोळे बारीक करून बघितलं. "ही आलेली नाहीत," ते म्हणाले. "आणलेली आहेत."

आमच्या मागच्या रांगेतही ते बसले होते. वैशालीच्या अगदी मागे एक बाई, साडीवरच टी-शर्ट घातलेला, मांडीवर खाण्याचं पाकीट जपून धरलेलं. तिचं नाव रखमाबाई. परभणीकडची. सामना सुरू झाल्यावर तिने वैशालीला विचारलं, "ह्ये कवा सुटतंय वो?"

"आत्ताच तर सुरू झालंय. पहिल्यांदा आलात?"

"हां. आमच्याकडं हुतुतू म्हन्त्यात. माझा भाऊ लई खेळायचा." तिने खेळ बघितला आणि म्हणाली, "पर तवा खाली गादी नव्हती."

वैशाली हसली. मग दोघी बोलत राहिल्या. खाली मॅटच्या कडेला एक मुलगा माईक घेऊन फिरत होता. कॅमेरा वरच्या रांगांकडे वळला की तो ओरडायचा, "आवाज!" आणि पोपटी टी-शर्ट हात वर करायचे.

"तुम्हाला कोणी आणलं?" वैशालीने विचारलं.

"मुकादमानं. म्हनला, हात वर करा म्हनलं की हात वर करायचे. टीव्हीवर दिसतंय. जो येनार न्हाई त्यानं पगाराचं इचारायचं न्हाई."

"पगाराचं काय?"

"दिवाळीपासनं नुसती उचल देत्यात. बाकीचं पुढल्या म्हैन्यात, पुढल्या म्हैन्यात."

"काम कुठे करता तुम्ही?"

"बाळकुमला. त्या आठल्येच्या इमारती हैत ना, तिथं."

वैशाली पुढे वळून बसली. समोर चढाई चालू होती, पण तिचं लक्ष नव्हतं. मध्यंतर होईपर्यंत ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. पलीकडच्या बाजूला आठल्ये दोन पाहुण्यांना घेऊन बसला होता. ते जाहिरातदार असावेत. तो हाताने वरच्या रांगा दाखवत होता.

मध्यंतरात ती उठली आणि आमच्या जुन्या लोकांमध्ये रांगेरांगेतून फिरली. त्या दिवशी पन्नासेक जण आले असतील. ती प्रत्येकाला एवढंच सांगत होती: मागे बसलेत त्यांना पगार नाही, आणि पगाराच्या भीतीने टाळ्या वाजवायला आणलंय. आपण आवाज केला तर तो त्या आवाजात मिसळतो. दुसऱ्या हाफमध्ये एक शब्द काढू नका.

काही जण लगेच हो म्हणाले. काही जण कुरकुरले, सामना अटीतटीचा होता. मग ती रखमाबाईकडे आली. रखमाबाई घाबरली. "बाई, आमी गप ऱ्हायलो तर उद्या कामाव घेत्यात का?"

"तुम्ही करा आवाज. तुम्हाला नाही सांगत मी. आम्ही गप्प बसतो."

शेवटी ती बाबांजवळ बसली. बाबांनी सगळं ऐकलं होतं.

"मी टाळ्या वाजवणार," ते म्हणाले.

"बाबा, आजच्या दिवस."

"वैशाली, मी खेळलोय. पाठीमागून आवाज आला नाही ना, की पाय जड होतात. तुझं म्हणणं खोटं नाही. तू गप्प बस. मी नाही बसणार."

दुसरा हाफ सुरू झाला आणि हॉल गप्प झाला. इतके सामने बघितले, पण मॅटवर बुटांचा कचकच आवाज होतो हे मला त्या दिवशी कळलं. चढाई करणारा जे पुटपुटतो तेही स्पष्ट ऐकू येत होतं. माईकवाला मुलगा "आवाज" म्हणून ओरडला. पोपटी हात वर गेले, पण तोंडातून निघालेला आवाज तुटक होता. दुसऱ्यांदा हात कमी वर गेले. तिसऱ्यांदा रखमाबाईने आमच्याकडे बघितलं आणि हात खाली मांडीवर ठेवले. तिच्या शेजारचीने ठेवले. मग मागच्या रांगेने. मुकादम दाराजवळून खुणा करत होता, त्याच्याकडे कुणी बघेना.

सगळ्या हॉलमध्ये एकटे शिवरामबाबा टाळ्या वाजवत होते. चढाई चांगली झाली की टाळी, पकड झाली की टाळी. समोरच्या टीमने चांगलं केलं तरी टाळी. म्हाताऱ्या हातांचा कोरडा आवाज. खेळाडू पहिल्यांदा गोंधळले. प्रफुल्लने दोन-तीनदा वर बघितलं. कॅमेरा बाबांवर आला, मग वैशालीवर, मग मागच्या गप्प बसलेल्या पोपटी रांगांवर, आणि तिथेच थांबला.

शेवटची चढाई आली तेव्हा आपण एका गुणाने मागे होतो. चढाईचा चांगला माणूस उरला नव्हता म्हणून प्रफुल्ल स्वतः गेला. तो पकडीचा खेळाडू. रेषेपासून हातभर अंतरावर त्याला धरलं. आपण हरलो. तेव्हाही कुणी आवाज केला नाही. माझ्या शेजारी वैशाली रडत होती, तोंडावर हात दाबून.

सामन्यानंतर टीव्हीवाल्या मुलीने प्रफुल्लला विचारलं, आज प्रेक्षक शांत का होते. तो अजून धापा टाकत होता. आधी म्हणाला, माहीत नाही. मग जायला वळला आणि परत फिरला. "हंगाम सुरू झाल्यापासून आम्हाला मानधन नाही," तो म्हणाला. "ते बहुतेक त्यांना कळलं असेल."

हे थेट प्रक्षेपणात गेलं. दुसऱ्या दिवशी बाळकुमच्या साइटवर बातमीदार पोचले आणि कामगारांच्या पगाराचंही बाहेर आलं. जाहिरातदाराने हात काढून घेतला. लीगवाल्यांनी आठल्येला बोलावलं. त्याने सुरुवातीला भरलेल्या अनामतीतून खेळाडूंची थकबाकी दिली गेली, आणि उरलेले घरचे सामने रद्द झाले. दोन महिन्यांनी कळलं की टीमचा परवाना विदर्भातल्या कुणीतरी घेतला. नाव बदललं, रंग बदलला. आठल्येच्या इमारती दुसऱ्या बिल्डरकडे गेल्या. तो पुण्याला गेला असं ऐकलं. त्यानंतर तो आम्हाला कधी दिसला नाही.

वैशालीच्या डोक्यात मात्र रखमाबाई होती. आपल्यामुळे तिचं काम गेलं असेल, या विचाराने तिला झोप लागेना. एका सुट्टीच्या दिवशी ती बाळकुमला गेली. साइटला कुलूप. वॉचमनने सांगितलं, ती माणसं घोडबंदर रोडला दुसऱ्या कामावर गेलीत. वैशाली तिथे शोधत गेली, पत्र्याच्या खोल्यांमध्ये विचारत फिरली, आणि रखमाबाई सापडली. ती भाकरी थापत होती.

"मिळालं का?" वैशालीने विचारलं.

"मिळालं. समदं न्हाई, पर मिळालं. पेपरात आलं म्हनून मिळालं म्हन्त्यात." मग तिने विचारलं, "तुमचा त्यो खेळ बंद पडला का?"

"हो."

"आरं देवा," रखमाबाई म्हणाली, आणि तिला बसायला पाट दिला. वैशाली तिथे भाकरी-ठेचा खाऊन आली.

ग्रुपवर तिची बाजू घेणारे थोडे होते. बाकीच्यांनी तिला धुऊन काढलं. मॅच आपण दोनच पॉइंटनी हरलो, आवाज असता तर जिंकलो असतो. टीम निदान हंगाम पुरा करती. तुला टीव्हीवर यायचं होतं, आलीस, खूश का आता? एकाने लिहिलं की बिल्डर वाईट असेल, पण त्याने निदान टीम दिली, तू काय दिलंस?  एक दिवस वैशाली ग्रुपमधून बाहेर पडली. कारखान्यातही तिला वादळवाली म्हणणं बंद झालं. कुणी म्हणालंच तर वेगळ्या सुरात.

बाबा पुन्हा घरात पडून राहतील याची तिला सगळ्यात जास्त भीती होती. तसं झालं नाही. ते सकाळी विहारात जायला लागले, तिथल्या बाकावर त्यांच्या वयाचे चौघे भेटायचे. पण त्या सामन्याबद्दल ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि तिनेही विचारलं नाही. जेवताना वाढणं, औषध देणं, सगळं नेहमीसारखं. रत्नदीप मला म्हणायचा, "मॅडम, दोघं बोलतात, पण बोलत नाहीत."

एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. वैशाली वालाच्या शेंगा मोडत बसली होती. ती मला एकदम म्हणाली, "नीलाताई, तुम्ही शिकलेल्या आहात. माझं चुकलं का?"

मी म्हणाले, "मला खरंच सांगता येत नाही गं."

आतल्या खोलीतून बाबा बाहेर आले. खुर्चीत बसले. म्हणाले, "टीम गेली ती गेलीच असती. त्यात तुझा काही हात नाही. त्या बायांना पैसे मिळाले, चांगलं झालं. पण पोरं त्या शांततेत हरली, ते मला आवडलेलं नाही. अजून नाही. तू विचारत नव्हतीस म्हणून मी सांगत नव्हतो."

"मग विचारायला पाहिजे होतं," वैशाली म्हणाली.

"हो."

ती शेंगा मोडत राहिली. थोड्या वेळाने बाबा पुढे झुकले, मूठभर शेंगा तिच्या ताटातून घेतल्या आणि मोडायला लागले. त्या दिवसापासून त्यांच्यात पुन्हा भांडणं सुरू झाली, मिठावरून, टीव्हीच्या आवाजावरून. रत्नदीपला हायसं वाटलं.

प्रफुल्लला मानपाड्याच्या एका कंपनीने स्टोअरमध्ये नोकरीवर घेतलं, कंपनीच्या टीमसाठी. जानेवारीत एमआयडीसीतल्या कंपन्यांचे सामने असतात, मोकळ्या मैदानात, मातीवर. वैशालीने मला फोन केला. "ताई, येताय का? खुर्च्या नाहीत तिथे, बसायला काहीतरी घेऊन या."

आम्ही चौघं गेलो. प्रेक्षक म्हणजे कंपन्यांतलीच माणसं, शिफ्ट सुटून आलेली, काही युनिफॉर्मवरच. तिकीट नाही, माईक नाही. प्रफुल्लने बाबांना बघितलं आणि धावत येऊन पाया पडला. वैशाली जरा मागे उभी होती. तो तिच्याकडे वळला तेव्हा ती म्हणाली, "प्रफुल्ल, त्या दिवशी राग आला होता का आमचा?"

"आला होता," तो म्हणाला. "बाबांच्या टाळ्यांचा पण आला होता. एकट्याच्या टाळ्या फार वाईट वाटतात हो, मॅटवरून ऐकताना." मग त्याने जरा विचार केला. "माझे पैसे मिळाले त्याच्यानंतर. बहिणीचं लग्न झालं त्यात. कप्तानपद गेलं, मोठी लीग गेली. आता तुम्ही काय म्हणाल त्याला?"

"मी काहीच म्हणत नाही," वैशाली म्हणाली. "गुडघा कसा आहे?"

"दुखतो. मातीवर कमी दुखतो."

पंचाने शिट्टी मारली, तसा तो गेला. बाबांनी वैशालीला हाताने खुणावून शेजारी बसवलं आणि समोरच्या टीमकडे बोट दाखवलं. "तो उंच पोरगा बघ," ते म्हणाले, "तो डावीकडूनच येणार, आणि आपले त्याला उजवीकडे शोधतायत."

"मग ओरडून सांगा ना त्यांना," वैशाली म्हणाली.

"मी कशाला? तुझा आवाज मोठा आहे."